फोटोपुरता

“ताई, तो पाय जरा काढून ठेवता का? फोटोपुरता.”

असं म्हणाले आमच्या कंपनीतले एचआरचे साहेब. खिडकी लावता का, म्हणावं तितक्या सहज.

माझा डावा पाय गुडघ्याखाली न्हाय. नऊ वर्षांची असताना उसाच्या ट्रॉलीखाली गेला. कृत्रिम पाय लावून चालते. वरून पँट घातली की कुणाला कळत बी न्हाय. साहेबांची नेमकी तीच अडचण. पुण्याहून पाहुणे आलेले, कंपनी अपंगांना कसं कामावर घेते ते बघायला. आणि अपंग तर धडधाकट दिसत होती.

मी काढला. सांगायला लाज वाटते, पण काढला. मला चाकाच्या खुर्चीवर बसवलं आणि पाय साहेबांनी केबिनमध्ये ठेवला. फोटो झाले, टाळ्या झाल्या, सगळे जेवायला गेले. केबिनला कुलूप. मला लघवीला लागलेली. खुर्ची ढकलत संडासापर्यंत गेले, तर त्याला तीन पायऱ्या. दीड तास तितंच बसून राहिले. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी किल्ली मिळवून पाय आणला. पदराआड धरून आणला बिचारीनं.

आणि गंमत अशी, की त्या कंपनीत मी कामच करत नव्हते.

आयटीआय झालंय माझं. बारामतीच्या एमआयडीसीतली ही कंपनी गाड्यांचं वायरिंग करते. निवडीच्या परीक्षेत माझं वायरिंग सगळ्यांच्या आधी पुरं झालं. आठ दिवस लायनीवर बसले, माझ्या हातचा एक नग परत आला न्हाय. नवव्या दिवशी साहेब म्हणाले, “तुम्ही घरीच थांबा. काही झालं तर जबाबदारी कोणाची? पगार खात्यावर येईल. पाहुणे असले की बोलावू.”

आमच्या गावात, वरकुट्यात, बाया म्हणायच्या, “बसून पगार. मजा हाय बाई तुझी.”

त्या फोटोच्या दिवशी घरी आले आणि वडलांना सगळं सांगितलं. आमी त्यांना तात्या म्हणतो. ते शेळ्यांना पाला टाकत होते.

“काढला तर काढला,” तात्या म्हणाले. “घडीभराचं काम. मिळालेली नोकरी हाय, उगं वाकड्यात शिरू नगं.”

“तात्या, नोकरी कुठं हाय? घरात बसवायचा पगार हाय तो.”

तात्यांनी वर बघितलं न्हाय. “मग हितं तरी कोण तुला काम सांगतंय?”

साहेबांचं बोलणं मी गिळलं असतं. पण ह्या माणसानं मला दोन वर्षं पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलंय. ह्याच्या बी लेखी मी बसून खाणारीच. लई रडले त्या दिवशी.

तीन महिन्यांनी परत फोन आला. गेले. परत खुर्ची तयार.

“ताई, पाय.”

“न्हाय काढणार.”

“अहो, मागच्या वेळी काढला होता ना?”

“ते चुकलं माझं.”

पाहुण्यांतल्या एक बाई जवळ आल्या. “तुम्ही इथं काय काम करता?”

“काय बी न्हाय,” मी म्हणाले. “काम येतं मला. पण देत न्हाईत. फोटोला तेवढं बोलावत्यात.”

त्याच दुपारी साहेबांनी राजीनामा टाइप करून माझ्यापुढं सरकवला. फक्त सही करायची होती. मी कागद परत त्यांच्याकडं सरकवला आणि निघून आले.

तेव्हापासून रोज सकाळची बारामतीची एसटी धरते. वॉचमन गेटवर अडवतो. आत सोडायचं न्हाय असं त्याला सांगितलंय. मी बाहेर उभी राहते, कामाची पाळी सुटेपर्यंत. पायाच्या वर, जितं पट्टा घासतो, तितं सोलून निघालंय. तात्यांनी बोलणं टाकलंय. माझ्यासंगं जेवायला बी बसत न्हाईत. त्यानं जीव तुटतो माझा, खोटं कशाला बोलू?

पण उद्या बी जाणार हाय. काम द्या, न्हायतर मला का काढलं ते तुमच्या हातानं लिहून द्या. राजीनामा मी माझ्या हातानं देणार न्हाय.