रेषेच्या अलीकडे

उदयला एका कंपनीने कबड्डीसाठी हंगामी घेतलं होतं. संघ फायनलला गेला तर कायम करू, असं साहेबांनी तोंडी सांगितलेलं. तेवढ्या शब्दावर त्याच्या आईने, मनोरमाने, इंद्रलोक बिल्डिंगमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत सुनेची जागासुद्धा ठरवून टाकली होती.

सेमीफायनल बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेली. गुण सारखे, शेवटची चढाई उदयची. कोपऱ्यातल्या गड्याला त्याने पाय लावला, वळला, मधली रेषा हातभर राहिली, आणि आनंदाच्या भरात तो ओरडला, "आई!"

कबड्डी म्हणायचं थांबलं. दम सुटला. पंचांनी शिट्टी फुंकली आणि गुण समोरच्यांना दिला.

"अरे, रेषा ओलांडून बोंबलायचं ना!" त्याचा कोच नाथा डोकं धरून खाली बसला.

पुढच्या महिन्यात कंपनीने उदयला बोलावलंच नाही. खालच्या मजल्यावरचा जितेंद्र जिन्यात भेटला की हसायचा, "क्या रे उदय, मम्मी को पूछ के साँस लेता है क्या?" उदयने जिना उतरणंच सोडलं. आपण गेलोच नसतो तर, हा विचार मनोरमाला भाकरी थापतानाही सोडेना.

केबलवर एका दुपारी अमेरिकेतली जुनी फुटबॉलची मॅच लागली होती. हेल्मेटवाले, अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळणारे. त्यातला एक रेषेपाशी पोहोचलाच होता, तेवढ्यात कुणीतरी झडप घातली आणि चेंडू हातातून निसटला. तेच परत, मग सावकाश, मग आणखी एकदा.

"आई, ही पण सेमीफायनलच," उदय म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

मनोरमा घाईघाईने त्याच्याजवळ बसली. "मग? पुढं काय झालं त्या मुलाचं? खेळला ना परत?"

"काय माहीत. तेवढंच दाखवतात."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण नेमकी दारावर थाप पडली. बाहेर नाथा होता. "काकू, वरसाव्याला रविवारी सामने आहेत. उदयला पाठवा. एक गडी कमी पडतोय. पोरं काही बोलणार नाहीत, मी बघतो."

मनोरमाने मागे वळून पाहिलं. उदयने नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याचे डोळे टीव्हीवरून हललेही नव्हते.

"घरी नाहीये रे तो," ती म्हणाली.

आत चाललेल्या मॅचचा आवाज नाथाला ऐकू येत होता. तो "बरं काकू," म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला. मनोरमाने कडी लावली. नाथा पुन्हा येणार नाही, हे तिला कळलं होतं. तरी तिने दार उघडलं नाही.