तुमचं माझ्याकडं हाय

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. लेकीच्या फिजिक्सच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण तुमच्या हाती पडलंच, तर समजून घ्या.

नांदेड–लातूर लाल गाडीवर एक कंडक्टर होते. तुम्हीही तशा गाडीत बसला असाल. गाडीत पाय ठेवला की त्यांच्या आवाजाआधी तिकिटाला भोक पाडायचा चिमटा ऐकू यायचा. वरच्या लोखंडी दांड्यावर ते तो टिक-टिक वाजवत मागून पुढं यायचे. मग आवाज यायचा, "सरका, सरका. जागा सीटवर नसती, मनात असती."

नेहमीच्या प्रवाशांना ते गावाच्या नावानं हाका मारायचे. "चाकूर, पाय आत घ्या. लोहा, तुमची कोंबडी माझ्या पेटीवर बसलीया." माझं घर अर्धापूरला. मालक केळीच्या गाड्या भरायला जायचे. लेकीला अकरावीला लातूरच्या क्लासला घातलं, तेव्हा मी तिच्याबरोबर लातूरला एका खोलीत राहायला आले आणि आजूबाजूच्या मुलींचे डबे करू लागले. पंधरा दिवसांनी घरी एक चक्कर असायची. ही गाडी अर्धापूरला जातसुद्धा नाही, पण एकदा विचारल्यावर मी गावाचं नाव सांगितलं होतं, तेव्हापासून मी 'अर्धापूर' झाले. मला हाक मारली की कानापर्यंत लाल व्हायचे मी. बोलायची सवयच नव्हती.

सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात, हे तुम्हाला माहीत आहे. हेही लिहून द्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं माझ्याकडं हाय. उतरताना घ्या." पहिल्याच खेपेला माझा दीड रुपया राहिला. सगळ्यांसमोर मागायचं कसं, म्हणून मी तशीच उतरले. पंधरा दिवसांनी गाडीत चढले, तर पायरीवरच त्यांनी दीड रुपया हातावर ठेवला.

"लाजून पैसे सोडणारी माणसं लई वंगाळ," ते म्हणाले. "तुम्ही सोडून जाता, अन् ओझं मी वागवायचं व्हय?"

गाडीवरचे ड्रायव्हर म्हणजे चाचा. त्यांनी स्टेअरिंगजवळ स्वतःचा एक छोटा टेप सुतळीनं बांधला होता. त्यावर बहुतेक वेळा बुवांची भजनं लागायची. बुवा नांदेडचे. आमच्या भागात त्यांना ऐकलं नाही असं घर नव्हतं. मी त्यांना समोर बसून कधी ऐकलं नव्हतं, पण लातूरच्या त्या खोलीत पहाटे एकटी पोळ्या लाटताना त्यांचीच भजनं तोंडात असायची. त्यांच्या जोरावर पोळ्यांची चळत कधी संपायची ते कळायचं नाही.

कंडक्टर तर बुवांच्या नावानं वेडे होते. स्वतः गायला लागले की चाचा आरशातून हात जोडायचे, "मेहेरबानी करो साहब, घाट नहीं है तो भी गाडी पलटी होगी." मग ते गाणं सोडून चिमट्यानं ठेका धरायचे. ठेका मात्र कधी चुकला नाही.

एवढं वेड कशामुळे, ते त्यांनीच एकदा सांगितलं. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली होती आणि मी खाली उतरले नव्हते. भूकंपात त्यांचं गाव गेलं. धाकटा भाऊ गेला, भावजय गेली. आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, पण बोलेना. पत्र्याच्या शेडमध्ये दीड महिना तोंड मिटून बसलेली. पुढारी आले, पेटीभर कपडे आले, ती कोणाकडे बघेना. एका दुपारी बुवा आले. माईक नाही, पेटी नाही, एक एकतारी घेऊन पत्र्याखाली मांडी घालून बसले आणि गाऊ लागले.

"तिसऱ्या भजनाला आई म्हणाली, 'ह्या माणसाला कुणी च्या दिला का न्हाई?'" एवढं सांगून ते हसले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. "दीड महिन्यानं बोलली, ती हे बोलली. तवापासून मी त्या माणसाचा देणेकरी हाय, अर्धापूर."

पुढं बुवा आजारी पडले. हैदराबादला मोठं ऑपरेशन सांगितलं. कंडक्टरांनी नेहमीच्या प्रवाशांकडून पैसे जमवायला सुरुवात केली. ज्यानं दिले त्याला ते लग्नपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूचा तुकडा कापून, त्यावर रक्कम आणि सही करून द्यायचे. काही तुकड्यांच्या कोपऱ्याला हळदीकुंकू तसंच असायचं.

मी सातशे दिले. हे पैसे लेकीच्या क्लासच्या दुसऱ्या हप्त्याचे होते. शेंगदाण्याच्या डब्यात ठेवलेले. हप्त्याला अजून दोन महिने होते, डब्यांच्या पैशातून भरून निघतील असा हिशोब मी केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता मी कुठं काही दिलं.

नोटा बघून ते थांबले. "एवढे? घरी ठाव हाय का?"

मी मान हलवली. खोटं बोलले.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. "उरले तर माघारी. बुवा कुणाचं ठेवत न्हाईत, मीबी न्हाई."

ऑपरेशन झालंच नाही. त्याआधी बुवा गेले. मला लातूरच्या स्टँडवर सकाळी कळलं. माझा जायचा दिवस नव्हता, तरी मुलींना सकाळचा डबा देऊन मी तशीच गाडीत बसले. तशी गाडी मी पुन्हा पाहिली नाही. जागेवरून एक शब्दाचं भांडण नाही. फेटेवाले म्हातारे, बांगडीवाल्या बायका, एक कॉलेजचे सर, सगळे शेजारी शेजारी. कोणी एक ओळ सुरू करायचं आणि मध्येच थांबायचं, मग दुसरं कोणी पुढची ओळ घ्यायचं. चाचांनी टेप लावला नव्हता. चाकूरला चढलेली एक म्हातारी म्हणाली, "लाव की रं बाबा. तेवढंच तर ऱ्हायलंय." चाचांनी लावला. बुवांचा आवाज आला आणि मागच्या सीटवरचा एक दांडगा माणूस लहान पोरासारखा रडला.

चिमटा मात्र वाजत नव्हता. कंडक्टर मुकाट्यानं तिकिटं फाडत होते.

लोह्याच्या अलीकडं तपासणीची जीप आडवी आली. कंडक्टरला ड्युटीवर निघताना स्वतःजवळचे पैसे कागदावर लिहून द्यावे लागतात. नंतर बॅगेत तिकिटांपेक्षा जास्त निघाले, तर ते तिकीट न देता घेतले असं धरतात. इतक्या वर्षांत हे ते कधी विसरले नव्हते. त्या सकाळी विसरले. बुवांच्या घरी नेऊन द्यायचे म्हणून जमवलेले सगळे पैसे त्यांनी कामाच्या बॅगेत टाकले होते.

साहेबांनी मोजले. जास्तीचे निघाले.

गाडीत एकच गलका झाला. "ओ साहेब, ते आमचे हायत! बुवांचे हायत!" "ह्या बघा चिठ्ठ्या!" बांगडीवाली तर साहेबांच्या नाकासमोर चिठ्ठी नाचवू लागली. साहेब वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मीबी बुवांच्या दर्शनालाच निघालो असतो आज. पण मोजणी ती मोजणी."

त्यांनी कागद केला, पैसे पाकिटात घालून लाख लावली. कंडक्टर एका शब्दानं भांडले नाहीत. उलट आम्हालाच म्हणाले, "खाली बसा, खाली बसा. त्यांची ड्युटी हाय. उशीर करू नका, बुवा थांबायचे न्हाईत."

नांदेडला सगळी गाडी रिकामी झाली. त्यांना मात्र डेपोत जबाब द्यायला जायचं होतं. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांचं शेवटचं दर्शन त्यांना मिळणार नव्हतं. मी उतरताना ते हळूच म्हणाले, "अर्धापूर, माझ्या वतीनं एक फूल टाका." गोदावरीच्या काठावर एवढी गर्दी होती की माणसाला माणूस दिसेना. मी, जी कोणाला बाजूला हो म्हणू शकत नाही, कोपरानं वाट काढत पुढं गेले. दोन फुलं टाकली.

कंडक्टरांना कामावरून थांबवलं. पैसे डेपोत अडकले. इकडं माझ्याकडं डबा घेणाऱ्या दोन मुली सोडून गेल्या आणि माझा हिशोब कोसळला. हप्त्याची तारीख जवळ आली, शेंगदाण्याच्या डब्यात पाचशे होते, बाराशे हवे होते. तारीख चुकली की जागा दुसऱ्याला, असं क्लासच्या भिंतीवर लावलेलंच होतं. पुढच्या चकरेला चाचा म्हणाले, "बाई, जिन्होंने पैसे दिये, वो सब चिठ्ठी डेपो में जमा करेंगे तो वो छूट जाएगा. पण चिठ्ठी वापस नाही मिळत."

त्या चिठ्ठीवाचून माझ्या सातशे रुपयांचा दुसरा पुरावा नव्हता. नांदेडला उतरून मी डेपोच्या फाटकासमोर तासभर उभी राहिले. चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधलेली होती. गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. शेवटी आत, डेपोच्या साहेबांसमोर गेले.

"साहेब, ही चिठ्ठी माझी," मी म्हणाले. "पैसे माझे हायत. त्यांनी कुणाचं खाल्लं न्हाई. माझा दीड रुपया ऱ्हायला हुता, त्योबी त्यांनी आठवणीनं दिला."

साहेब हसले. "दीड रुपयाचं लिहू का यात?"

"लिहा," मी म्हणाले. आणि खाली लातूरच्या खोलीचा पत्ता घालून सही केली. बाहेर आले तेव्हा छाती हलकी झाली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी लातूरच्या खोलीच्या दारात एक माणूस उभा. पांढरा सदरा, पायजमा. खाकी नव्हती म्हणून मी ओळखलंच नाही. "अर्धापूर, घरी हाव का?" म्हटल्यावर कळलं.

त्यांनी दोनशे रुपये पुढं केले. आडत दुकानात पोती मोजायचं काम धरलं होतं. "पाचशे ऱ्हायले. तुमचं माझ्याकडं हाय."

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बुवांसाठी दिले हुते."

"बुवा गेले, ताई. त्यांच्या नावावर माझं देणं टाकू नका."

तेवढ्यात लेक बोलून गेली की उद्या तारीख आहे आणि पैसे कमी आहेत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या दारात हजर. आत पालकांची ही झुंबड. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "सरका, सरका, आत लई जागा हाय," आणि डॉक्टर-इंजिनिअर करायला आलेले सगळे आईबाप खरोखर सरकले. टेबलावरच्या क्लार्कसमोर त्यांनी आमचे सातशे ठेवले. मग खिशातून हातरुमाल काढला, झटकला आणि रजिस्टरवर नीट पसरला.

"हे काय?" क्लार्क म्हणाला.

"सीट धरली. गाडीत धरत्यात तशी. मानूस खाली पानी प्यायला गेलंय, यायलंय."

क्लार्कला हसू आवरेना. तो निघाला अहमदपूरचा, ह्याच गाडीनं जाणारा. "मामा, तुमी हाव होय! रुमाल उचला. दिवाळीपर्यंत धरली सीट."

लेक अजून ती गोष्ट सांगते. ती आता स्वतः शिकवते, आणि फी कमी पडलेल्या पोरीला म्हणते, "रुमाल टाकून जा."

चिठ्ठ्या जवळपास सगळ्यांनी दिल्या, असं चाचा सांगत होते. दिवाळीच्या आधी कंडक्टर ह्यातून सुटले. पाकिटाची लाख फोडून पैसे मिळाले. बुवांच्या बायकोनं घ्यायला नकार दिला, म्हणाली, ज्याचे त्याला द्या. काही जण म्हणाले, समाधी बांधू. कंडक्टरांनी ऐकलं नाही. चिठ्ठी कोणाजवळ नव्हती, तरी कोणाचे किती ते त्यांना पाठ होतं. दर स्टॉपला थोडे थोडे करत त्यांनी ते वाटले.

पुढं त्यांची बदली किनवटकडं झाली असं ऐकलं. मला ते पुन्हा भेटले नाहीत. म्हणून शेवटची भेट लिहिते.

दिवाळीला मी आणि लेक घरी निघालो होतो. कंडक्टरांच्या अंगावर पुन्हा खाकी, हातात चिमटा. माझ्याजवळ आले आणि पाचशे रुपये मोजून हातावर ठेवले. मी मालकांपासून लपवलं होतं, ते त्याच सुट्टीत सांगून टाकलं. मालक म्हणाले, "मलाबी सांगायचं, मीबी शंभर दिले असते की." पण ते नंतर. गाडीत मी नोटा पदराला बांधल्या आणि वर पाहिलं. कंडक्टर हसत होते.

"अर्धापूर," ते म्हणाले, "आता तुमचं माझ्याकडं काई न्हाई."

चाचांनी टेप लावला. बुवा गाऊ लागले. आणि कितीतरी महिन्यांनी वरच्या दांड्यावर चिमटा वाजला, टिक-टिक, ठेक्यात.