व्हॅनची वही

आमची जुनी व्हॅन मधूनच मिसिंग मारायची. एक सिलिंडर अचानक बंद पडायचा, गाडी झटके द्यायची आणि थोडं पुढे गेलं की जणू काही झालंच नाही अशी सरळ धावायची. निवृत्तीनंतर मी तिच्या मागच्या भागात फळ्यांचा बिछाना केला होता, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली होती. बायकोला दूरच्या मांडवी बंदरावरचा समुद्र बघायचा होता आणि तिथेच गाडीत मुक्काम करायचा होता. आयुष्यात एवढं एकच तिने माझ्याकडे मागितलं, आणि मी म्हटलं, आधी दोष सापडू दे.

माझी नोकरी रिफायनरीत उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. तिथला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चाचणी, मग नोंद. घरीही मी तेच सुरू केलं. दर रविवारी रावपुऱ्यातल्या घरापासून निजामपुऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर साफ केला. हवा कशी होती, वेग किती, इंजिन किती तापलं, सगळं वहीत. बायको शेजारच्या सीटवर बसायची. "अहो, एवढी नाडी तर डॉक्टरही बघत नाहीत," म्हणून हसायची. मला राग यायचा. चाचणीच्या वेळी थट्टा मला खपत नसे.

उन्हाळ्यात झटके कमी झाले, मग थांबलेच. त्याच सुमारास मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मी स्वतःकडे घेतलं. एका रविवारी येताना खुशीत खमण आणलं. तिने ते नुसतं चिवडलं. "जात नाही हल्ली," म्हणाली. "बरंच आहे, गाडीला भार कमी," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी निजामपुऱ्यातल्या गुजराती मेकॅनिकला दाखवायला नेली. माणूस चांगला धिप्पाड. बायको त्याच्या गॅरेजबाहेर बाकावर बसली, तो तिच्या जागी बसला आणि आम्ही एक फेरी मारली. पहिल्याच खड्ड्यात व्हॅनने झटका दिला. परत येऊन त्याने ती सीट उचलली. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. सीटची पट्टी वाकली होती आणि तिच्याखाली प्लगची वायर घासून उघडी पडली होती.

"काका, वजन आवे तो ज थाय छे," तो म्हणाला; सीटवर वजन पडलं तरच पट्टी वायरला टेकत होती. मग त्यालाच प्रश्न पडला. "पण काकी तो दर रविवारे बेसे छे ने? त्यारे नथी थतुं?"

ती बसते तेव्हा का होत नाही, म्हणून मी बाकाकडे पाहिलं. तिच्या बांगड्या पार कोपराकडे सरकल्या होत्या. ब्लाउजच्या बाहीला आत घेतलेली नवी शिवण होती. ती शिवण तिने माझ्यासमोर बसून घातली होती, तेव्हा मी वही लिहीत होतो. मला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही जाणं रद्द केलं असतं," ती म्हणाली.

वायर अर्ध्या तासात बदलून झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. मांडवी राहिली ती राहिलीच.

रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, वजन केव्हापासून उतरतंय? तिला नक्की सांगता येईना. वही माझ्या पिशवीत होती. शेवटचा झटका ज्या रविवारी नोंदवला होता, ती तारीख मी वाचून दाखवली. त्यांनी ती लिहून घेतली. "तेव्हाच आणायला हवं होतं," म्हणाले.

त्या तारखेखाली आणखी सात रविवार होते. प्रत्येकापुढे मी लाल शाईने लिहिलं होतं, दोष नाही.