एअरटाइमची एक्साइज आणि माझं निरोपाचं जेवण

बिल तपासल्याशिवाय आमच्या घरात कुणी पैसे देत नाही. पैसे दुसरा देत असला तरी. त्यामुळे सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका रेस्टॉरंटमध्ये माझ्याच निरोपाच्या जेवणाचं बिल आलं, तेव्हा मी ते बॉसच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. ती हसली. तिला माझी सवय ठाऊक होती.

निरोप कसला, नारळच होता तो. आफ्रिकेतल्या एका देशात आमच्या कंपनीचं मोबाइल नेटवर्क आहे आणि तिथल्या करांचा हिशोब इथल्या ऑफिसात होतो. मी कंत्राटावर होते. नवी सिस्टीम सगळं आपोआप करते म्हटल्यावर माझी जागा महिनाअखेरीला बंद होणार होती. जहाजावर इंजिनिअर असलेला नवरा फोनवर म्हणाला, "बरं झालं, आता आराम कर." मला इतका राग आला की मी फोनच ठेवला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा नोकरीला कोण विचारणार होतं? आणि मला हे काम मनापासून आवडायचं.

एक गोष्ट मात्र सलत होती. सिस्टीममधून येणारे कराचे आकडे मला नेहमी जरा फुगलेले वाटायचे. का, ते सांगता येत नव्हतं, कारण आतलं सूत्र उघडून बघायची मला मुभा नव्हती. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, सिस्टीम चुकत नाही.

तर ते बिल. जेवण दोनशे डॉलरचं, वर जवळपास चाळीस डॉलर. शेजारच्या सहकाऱ्याने डोकावून पाहिलं. "सर्व्हिस चार्ज दहा टक्के, जीएसटी नऊ. एकोणीस टक्के म्हणजे अडतीस डॉलर. दीड-दोन डॉलर जास्त लावलेत. चीटिंग, लाह!" इथे बोलताना वाक्यामागे 'लाह' चिकटतंच.

"चीटिंग नाही रे," मी म्हटलं. "मेन्यूवर प्लस प्लस लिहिलंय ना? आधी सर्व्हिस चार्ज, मग त्या बेरजेवर जीएसटी. दोन्ही टक्के एकत्र करायचे नसतात..."

आणि मी मध्येच थांबले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

एअरटाइमचं, म्हणजे फोनवरच्या बोलण्याचं, हुबेहूब असंच आहे. आधी बोलण्याच्या किमतीवर एक्साइज, मग त्या बेरजेवर व्हॅट. फरक इतकाच की रिचार्जच्या किमतीत हे दोन्ही कर आधीच धरलेले असतात. म्हणून कांद्यासारखं बाहेरून सोलत जायचं, आधी व्हॅट काढायचा, मग एक्साइज. मी बिल पालथं घातलं आणि मागे लिहायला लागले. समजा दोन्ही कर दहा-दहा टक्के. शंभराचं बोलणं, दहा एक्साइज, झाले एकशे दहा. त्यावर अकरा व्हॅट. रिचार्ज एकशे एकवीसचा, त्यात कर एकवीस. पण कुणी दोन्ही टक्क्यांची बेरीज करून थेट एकशे एकवीसचे वीस टक्के कापले तर? चोवीस रुपये वीस पैसे! (अशा वेळी मी अजून रुपयांतच मोजते.) म्हणजे प्रत्येक रिचार्जमागे सरकारला जास्तीचे पैसे, आणि तेही आमच्या खिशातून.

"यू शुअर?" बॉसने विचारलं.

"सूत्र उघडून दाखवा, मग सांगते."

आइस्क्रीम तसंच टाकून आम्ही ऑफिसात परतलो. बॉसने तिच्या पासवर्डने सूत्र उघडलं. दोन्ही टक्क्यांची बेरीज, गुणिले पूर्ण किंमत! मी चक्क टाळी वाजवली. आख्खा मजला माझ्याकडे बघायला लागला. बघू दे की.

मग त्या देशातल्या हिशोबनीसाला कॉल लावला. "पण सिस्टीम आल्यापासून असंच चाललंय, मॅडम," तो म्हणाला. मी त्याला एकशे एकवीसचं उदाहरण सावकाश समजावलं. पलीकडे तो कीबोर्डवर आकडे टाकून बघायला लागला. शेवटी तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. जास्तीचा कर परत मागता येईल."

माझा ऊर अभिमानाने भरून आला, ते मी कशाला लपवू? सिस्टीमला मी हरवलं होतं, तेही माझ्याच निरोपाच्या जेवणावर बसून.

बॉसने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"यू स्टे, लाह," ती म्हणाली. "दॅट सिस्टीम, यू टीच."