माझ्या नावावर खपलेलं अण्णांचं काम

ज्या माणसाशी मी उगाच वैर धरलं, तो आज सकाळी गेला.

खरात अण्णा. रेडिओ मेकॅनिक. औरंगपुऱ्यात माझ्या दुकानाच्या बरोबर समोर त्यांचं दुकान.

एका गल्लीत दोन रेडिओवाले, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम मोठ्यानं बोलायचो, अण्णांना ऐकू जावं म्हणून.
अण्णा मान वर करायचे नाहीत. त्याचा मला जास्तच राग यायचा.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत आधी थकतो तो बँड स्विच. मीडियम वेव्हवरून शॉर्ट वेव्हवर नेणारा, गोल फिरणारा.
झिजला की नुसती खरखर, आणि स्टेशन गायब.

माझा इलाज ठरलेला. आतल्या धातूच्या पत्त्या पॉलिश पेपरनं चकाचक घासायच्या. रेडिओ खणखणीत, गिऱ्हाईक खूश.

त्या पत्त्यांवर चांदीचा मुलामा असतो, मी तोच खरवडतोय आणि त्यामुळे खरखर लवकरच परत येणार, हे मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायचा माझा स्वभावही नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. रिपेअर झालं की मागच्या झाकणाच्या आत पेन्सिलनं आपलं नाव लिहायचं.

काही वर्षांपूर्वी फुलंब्रीचे एक रिटायर्ड गुरुजी डायलची दोरी तुटली म्हणून रेडिओ घेऊन आले.

"दिलीपराव, बँड स्विच काय केला व्हता तुम्ही! मधी एकदा खरखरला, तुमचं दुकान बंद व्हतं, म्हणून समोर दाखवला. ते म्हणले, दिलीपचं काम पक्कं हाय, नुसती धूळ बसली."

मी झाकण उघडलं. आत नाव माझं, एकट्याचं.

पण स्विचमध्ये माझ्या घासलेल्या पत्त्या नव्हत्याच. दुसऱ्या स्विचच्या काढून, एकेक रिव्हेट मारून बसवलेल्या. चांदी शाबूत.

गुरुजींना चहा सांगितला आणि रेडिओ उचलून तडक समोर गेलो. पहिल्यांदाच.

"अण्णा, हे तुम्ही केलं?"

"आत नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मग तूच केलं."

"असे माझे किती आले तुमच्याकडं?"

"ते सोड. पॉलिश पेपर फेक आधी. स्पिरिट आन सुती चिंधी, बस. पत्ती सैल वाटली तर चिमट्यानं हळूच दाबायची. लई जोर लावतो तू."

"गिऱ्हाइकाला सांगायचं ना मग, दिलीपनं बिघडवलं म्हणून!"

अण्णा हसले. "सांगून काय? लोक म्हणतील, जुने रेडिओ आता नीट व्हतच नाय. भंगारात घालतील. मग तू बी घरी आन मी बी."

त्या दिवसापासून मी त्यांच्याच पद्धतीनं काम केलं. आमचा चहाही सुरू झाला.

पण चारचौघांत कधी बोललो नाही. लोक माझ्या हाताची तारीफ करायचे, अण्णा समोर बसून ऐकायचे, आणि मी निर्लज्जासारखा मान डोलवायचो.
उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत वर्षं घालवली.

आज त्यांचं शटर बंद आहे. मला दुकानात बसवेना.

म्हणून इथं लिहितो, सगळ्यांनी वाचावं. माझ्याकडून नेलेला रेडिओ तुमच्या घरी अजून नीट वाजत असेल, तर तो हात अण्णांचा.

अण्णा, हे तुमच्यासमोर बोलायला पाहिजे होतं. जमलं नाही. माफ करा.

तुमच्या हाताला माझा शेवटचा नमस्कार.