तीन दिवस पाहिलेली शाळा

मुलीला सहावं लागायच्या आधीच आमच्या घरात तिची शाळा ठरून गेली होती. तेलंगणातल्या तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात, आमचं गाव आहे. तिथं रोज सकाळी आदिलाबादहून एका खाजगी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन येते. माझ्या दिराची दोन्ही पोरं तिच्यातूनच जायची. आपली पोरगीही त्याच व्हॅनमध्ये बसेल, असं आमच्या मालकांनी धरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी गावातली सरकारी मराठी शाळा पाहू द्या. हे आमच्या बाजारातल्या दुकानासाठी भाजीच्या पाट्या बांधत होते. म्हणाले, "पाहून घे. पाहाले काय लागते?"

माझं मन त्या व्हॅनवर बसत नव्हतं, त्याला कारण होतं. दिराचा धाकटा इंग्रजी कविता धडाधड म्हणायचा. एकदा मी त्याला विचारलं, "क्लाउड म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "दुसरी ओळ." माझं स्वतःचं शिक्षण मुधोळकडच्या खेड्यात पाचवीपर्यंत मराठीत झालं आणि सहावीपासून एकदम तेलुगुत. ते अख्खं वर्ष मी शेवटच्या रांगेत बसून, दुसऱ्या पोरी हसल्या की हसायची. आपल्या पोरीवर ती पाळी पाचव्या-सहाव्या वर्षीच येऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

एप्रिलमध्ये मी शाळेत गेले. दोन खोल्या, पाच वर्ग, अठरा पोरं आणि दोन शिक्षक. मोठे सर तेलुगु बोलणारे. शाळेचा कारभार त्यांच्याकडे, आणि मोठ्या पोरांना ते तेलुगु आणि गणित शिकवायचे. बाकी सगळं बाईंकडे. बाई आदिलाबादहून स्कूटीवर यायच्या, मराठीतून शिकवायच्या. मला दारात पाहून म्हणाल्या, "पोरगी टाकायची आहे? मग मागं बसा. पण दिवसभर बसा. अर्ध्या तासात शाळा कळत नाही."

मी तीन दिवस बसले. पोरींच्या संडासाला दार होतं, कडी नव्हती. एक पोरगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. नळाला पाणी दुपारपर्यंतच. दुपारच्या जेवणाची डाळ पातळ होती, पण बाई पहिला घास स्वतः खायच्या आणि मगच वाढू द्यायच्या. मी सगळ्यांत कच्च्या पोराची वही मागितली. हुशार पोराची वही कोणीही दाखवते. बाईंनी एका कोलाम आदिवासींच्या पोराची वही काढून दिली. त्याला घरी मराठी नव्हतीच. पहिल्या पानावर नुसत्या रेघोट्या होत्या, शेवटच्या पानावर त्याच्या हातची चार वाक्यं. मधल्या प्रत्येक पानावर लाल पेनाची खूण होती. ती वही पाहून माझं ठरलं.

निघताना मी विचारलं, "बाई, तुमी इथं किती दिवस राह्याल?"

त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही, ताई."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मन ठरल्यावर माणूस असंच ऐकते.

इथवर माझीच गोष्ट होती. पण मी तिथं थांबले नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीची पोरगी माझ्या पोरीच्याच वयाची. तिचा नवरा ऑटो चालवायचा. तिनं व्हॅनवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. पोरीसाठी टाय आणलेला मला दाखवला होता, तो बांधायचा कसा हे दोघींनाही येत नव्हतं. मी तिला म्हटलं, "काऊन पाठवतं तिकडं? मी तीन दिवस बसून पाह्यलं. अशी बाई तिथं भेटनार नाही."

ती म्हणाली, "वहिनी, तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तर टाकतो."

अजून दोन घरी मी असंच बोलले. जूनमध्ये पहिलीत आमच्या चार पोरी एकदम बसल्या. शाळेच्या कमिटीत माझं नाव आलं. मला अभिमान वाटत होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. व्हॅनमध्ये पोरं चढवणाऱ्या बायकांकडे मी जरा वरूनच पाहायची.

दसऱ्यापर्यंत सगळं माझ्या म्हणण्यासारखं झालं. माझी पोरगी खताच्या पोत्यावरची मराठी अक्षरं लावू लागली. शेजारणीची तर तिच्याही पुढे होती. घरी आलेल्या पाहुण्याला हात धरून बसवून ती पुस्तक वाचून दाखवायची.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि बाई आल्या नाहीत. चार दिवसांनी सरांनी सांगितलं, बाईंना डेप्युटेशनवर दुसऱ्या शाळेत पाठवलं. तिथं पोरं जास्त होती आणि शिक्षक कमी. सर माणूस वाईट नव्हते. पण त्यांना मराठी यायची नाही, आणि त्यांच्या एकट्याच्या मागं रजिस्टरं, फोनवरची हजेरी, जेवणाचे फोटो, मंडलातल्या मीटिंगा. पहिलीच्या पोरी फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या, पुसायच्या, पुन्हा उतरवायच्या.

आम्ही चौघी मंडलाच्या शिक्षण ऑफिसात गेलो. कारकुनानं दरखास्त लिहून मागितली. ती मी लिहिली. आतले साहेब हिंदीत बोलले, तेही चांगल्या आवाजात. "बाईस बच्चों को दो टीचर? बच्चे बढ़ाओ, टीचर आएगा." मी सांगितलं, चार तर मीच वाढवली. ते हसले. त्यांना ते खरोखर गमतीचं वाटलं असावं. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, "आता काय करायचं, वहिनी?" मी म्हटलं, "येईल कोणीतरी. थोडा धीर धर."

नव्या वर्षात आम्ही आणखी दोन चकरा मारल्या. कोणी आलं नाही. एका संध्याकाळी माझ्या पोरीनं पोतं पाहिलं आणि वाचलं नाही. मी वाच म्हटलं तर म्हणाली, "सरांनी सांगितलं नाही." मालक जेवत होते. एवढंच म्हणाले, "झालं पाहून?"

मार्चमध्ये मी आदिलाबादला जाऊन त्या इंग्रजी शाळेत पोरीचं नाव घातलं. शेजारणीला सांगितलं नाही. सांगणार होते. रोज भिंतीपलीकडे तिच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि मी उद्यावर टाकायची. मेमध्ये ती माहेरी गेली, तेव्हा मला मोकळं वाटलं.

जूनमध्ये पहिल्या दिवशी व्हॅन आमच्या दारात थांबली. शेजारीण बाहेर पोरीची वेणी घालत होती. माझ्या पोरीच्या गळ्यात टाय होता. त्या दोन्ही लहानग्यांनी एकमेकींना हात केला. व्हॅन गेली. शेजारणीनं वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि मग म्हणाली, "मले सांगितलं असतं तर मीबी आली असती."

मी काहीतरी बोलले, अचानक ठरलं म्हणून. तिनं ते ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा व्हॅनवाल्याला भेटला. आमच्या गावच्या फेरीत जागा उरली नव्हती, आणि त्याचा स्वतःचा ऑटो उलट्या वाटेला चालायचा. संध्याकाळी ती भिंतीजवळ आली. आवाज चढवला नाही. "शेवटची शीट तुमच्या पोट्टीची होती म्हनते."

आता चार वर्षं झाली. गावातल्या शाळेत पोरं कमी होत गेली, उरलेल्यांना पलीकडच्या गावच्या शाळेला जोडून दिलं. खोल्यांत कापूस ठेवतात.

मागच्या हिवाळ्यात आदिलाबादच्या भाजीबाजारात, मी आमच्या दुकानावर बसले असताना, बाई वांगी घ्यायला आल्या. ओळखलं मला. "पोरगी कोणत्या वर्गात?" मी शाळेचं नाव सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "माझा मुलगाही तिथंच आहे, सातवीत. नर्सरीपासून."

त्या सहज बोलल्या, लपवण्यासारखं काही नव्हतं त्यांच्याकडे. मी कडी पाहिली होती, डाळ पाहिली होती, वही पाहिली होती. हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्यांच्यावर राग काढावा म्हटलं तर तोंड कोठून आणू? त्यांनी मला कोणाच्या घरी जाऊन सांगायला लावलं नव्हतं.

शेजारणीची पोरगी तिच्या मामाच्या गावी राहून शिकते. दोन सुट्ट्यांत येते. शेजारीण माझ्याशी बोलते. नळ आला, लाइट गेली, एवढं बोलते. तिच्या धाकट्याचं शाळेत नाव घालायचं होतं तेव्हा तिनं गल्लीतल्या सगळ्यांना विचारलं, कुठं टाकू, कुठं टाकू. मी ओट्यावर बसून भाजी निवडत होते. मला विचारलं नाही.