खूण बाळंतिणीची नव्हे, बाटलीची

नार्व्याची सुलोचना म्हापशातल्या एका इस्पितळात बाळंतपणाच्या खोलीत सव्वीस वर्षं मदतनीस होती. बाळ रडलं की सगळे बाळाकडे धावत. बाळामागून येणारी वार अख्खी पडली की नाही, ते सुलोचना बघायची. म्हणून संशोधनासाठी वारेचे तुकडे घ्यायचं काम तिथल्या डॉक्टर गौरवीनं तिलाच शिकवलं. जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक जागं राहणार, कुठलं गप्प, ते त्या ठरवतात. खाणीच्या धुळीत राहणाऱ्या डिचोलीच्या बायकांच्या वारेत त्या वेगळ्या दिसतात का, खाणी नसलेल्या पेडण्याच्या बायकांशी ताडून बघायचं होतं.

सुलोचना वार धुवायची, वाटाण्याएवढे तुकडे कापायची, अर्ध्या तासाच्या आत खोल गोठवणाऱ्या फ्रीझरात पोचवायची आणि वहीत वेळ टाकायची.

आधी पेडण्याच्या बायका झाल्या, त्यांचे तुकडे तपासणीला गेले. डिचोलीच्या सुरू झाल्या आणि फ्रीझर बंद पडला.

"फॉर्मेलिनात घाल गे मावशे," लॅबमधला देवेश म्हणाला. "तुकडो तो तुकडोच."

दोन महिने डिचोलीचे सगळे तुकडे फॉर्मेलिनच्या, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनाच्या, बाटल्यांत पडले. सुलोचनेनं वहीत दरेक नावापुढे तसं लिहून ठेवलं.

वर्षभरानं त्या बायकांतलीच एक, स्नेहा, तिला शोधत आली. कणकवलीकडची पोर, नवरा डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचा. बाळ काखेत, डोळे सुजलेले.

"मावशे, माझ्या झिलात खोट आसा काय गे? डॉक्टरांनी गावच्या सभेत सांगितल्यानी म्हणे, खाणीकडच्या बायकांची वार बिघडलेली. सासू म्हणता, तुझ्याच अंगात दोष."

सुलोचनेची कानशिलं तापली. ती वही घेऊन तडक गौरवीच्या खोलीत गेली. देवेश तिथंच होता.

"डॉक्टरबाय, डिचोलीची वार कशात घातलेली, ठाऊक आहे तुम्हाला?"

"फ्रीझरात."

"वही बघा."

गौरवी पानं उलटत राहिली. देवेश म्हणाला, "तुकडा कशात ठेवला, तो रकाना संगणकात नव्हताच. आणि मावशीला ह्यातलं काय कळतं?"

"मला बाटली कळते!" सुलोचना कडाडली. "एका दर्याचे मासे बर्फात, दुसऱ्याचे मिठात, आणि वर म्हणायचं दोन्ही दर्यांची चव वेगळी! पोरीला घरात डाग लावलात तुम्ही!"

गौरवीनं वही मिटली नाही. फॉर्मेलिनात डीएनए तुटतो, खुणा चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात, हे तिला माहीत होतं. विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं सहा बायकांची संमती घेऊन त्यांच्या वारेचे दोन-दोन भाग केले, अर्धे गोठवले, अर्धे फॉर्मेलिनात. तीन महिन्यांनी निकाल आला. एकाच बाईची एकच वार, पण फॉर्मेलिनातल्या अर्ध्या भागात खुणा वेगळ्या. बरोबर तशाच, जशा डिचोलीच्या म्हणून सभेत दाखवल्या होत्या.

गौरवीनं अहवाल मागे घेतला. देवेशनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

"धूळ खरंच काय करते, ते कोण सांगणार आता?" सुलोचनेनं विचारलं. "ते तुकडे तर वाया गेले."

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"करा. पण आधी स्नेहाच्या घरी चला. सभेत बोललात, आता ओट्यावर बोला."

गौरवी जरा घुटमळली. सुलोचना दारातून हलली नाही.

रविवारी दोघी डिचोलीला गेल्या. गौरवी सासूपुढे जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आजी, चूक आमची. तुमच्या सुनेत, नातवात काही खोट दिसलेली नाही."

सासू म्हणाली, "मगे इतके दिवस हिका रडयल्यात कित्याक?"

उत्तर सुलोचनेनं दिलं, म्हातारीलाच सुनावलं: "डॉक्टर चुकली ती कागदावर. हिला रडवलंत ते तुम्ही."

चुलीपाशी बसलेली स्नेहा पहिल्यांदाच हसली.